तीन दिवे विझतात तेव्हा...

‘इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग आमचा पंखा जरा बघून दे!’ इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकावं लागतं, ते या मुलांनाच विचारा. मशीन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि पॉवर सिस्टिम्स या तीन विषयांच्या जगात एका मास कॉमवालीनं मारलेला हा फेरफटका.

‘‘ताई, हात मागे घे. आणि काहीही झालं तरी पॅनेलला टेकू नकोस.’’

माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेली माझी मामेबहीण मला दटावत होती आणि मी निमूटपणे ऐकत होते. एरवी शॉपिंगला गेल्यावर रस्ता ओलांडताना माझा हात धरणारी ही मुलगी. पण इथे, पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या मशीन्स लॅबमध्ये, तिचं राज्य होतं. पायाखाली रबरी मॅट, नाकात तेलाचा आणि तापलेल्या तांब्याचा वास, आणि समोर लोखंडी बैठकीवर घुमणारी दोन धूडं. त्यातली एक मोटर आणि दुसरा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र.

पॅनेलवर तीन दिवे होते. एलईडी वगैरे नाहीत, आपले जुने पिवळे बल्ब. तिन्ही एकदम उजळत, मग मंद होत, मग विझत. पुन्हा उजळत. गणपतीच्या डेकोरेशनसारखं. ती एका हाताने नॉब फिरवत होती, तसा उघडझापीचा वेग कमी होत होता. भरभर... हळू... आणखी हळू...

‘‘आता बघ हं.’’ तिन्ही दिवे पूर्ण विझले आणि तिने खटकन स्विच ओढला. काहीच झालं नाही! ना ठिणगी, ना आवाज. मी जरा हिरमुसलेच. तिच्या चेहऱ्यावर मात्र वर्ल्ड कप जिंकल्याचा आनंद.

‘‘अगं, काहीच झालं नाही हेच तर यश! आपलं मशीन आता ग्रिडला जोडलं गेलं. चुकीच्या क्षणी स्विच टाकला असता, तर धाडकन आवाज आला असता आणि सगळं ट्रिप झालं असतं. लॅबमध्ये सर ओरडतात. पॉवर स्टेशनमध्ये मशीनचा शाफ्ट जायबंदी होऊ शकतो.’’

काहीच न होणं म्हणजे यश! आम्हा पत्रकारांचा धंदा बरोबर याच्या उलट. काहीतरी झालं, तरच आमची बातमी. मला वाटतं, म्हणूनच या विषयांवर कुणी फारसं लिहीत नसावं.

शाखा ‘ती’, जी उरते

दहावी-बारावीनंतरच्या कॅप राउंडचं गणित सगळ्यांना माहीत आहे. कॉम्प्युटर, आयटी, हल्ली एआय, यांच्या जागा आधी भरतात. इलेक्ट्रिकलचा नंबर नंतर. ‘कॉम्प्युटर नाही मिळालं का?’ असं नातेवाईक सांत्वनाच्या सुरात विचारतात, जणू घरात काही अशुभ घडलंय.

माझ्या बहिणीनं मात्र पहिल्या पसंतीलाच इलेक्ट्रिकल टाकलं. त्याचं कारण कराडजवळ आहे. माझ्या मामाचं तिथे मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दहा बाय बारा फुटांचं, वार्निशच्या वासाचं. शेतकरी जळालेली पंपाची मोटर टेम्पोतून आणून टाकतो. मामा ती खोलतो, काळं पडलेलं वायंडिंग काढतो, स्लॉटमध्ये कागद बसवून नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरतो. भिंतीवर एक टेस्ट लॅम्प टांगलेला. दोन वायरी टेकवायच्या आणि दिवा लागला की नाही ते बघायचं. अर्ध्या दुरुस्तीचं निदान त्या दिव्यावर होतं.

‘‘मोटर का जळते, हे आप्पांना पक्कं माहीत होतं,’’ ती म्हणाली. ‘‘व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट खेचते आणि तापते. एक फेज गेला की नुसती गुणगुणत बसते आणि जळते. पण हे असं का होतं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला ते ‘का’ हवं होतं.’’

ते ‘का’ तिला मिळालं दुसऱ्या वर्षी, इलेक्ट्रिकल मशीन्सच्या पेपरात. स्टेटरमध्ये फिरणारं चुंबकीय क्षेत्र, त्याच्या मागे धावणारा पण त्याला कधीच न गाठणारा रोटर, आणि त्या दोघांच्या वेगांमधलं अंतर म्हणजे ‘स्लिप’. निकोला टेस्लानं या इंडक्शन मोटरची पेटंट्स १८८८ मध्ये मिळवली. आजही तुमच्या सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बहुधा त्याच तत्त्वावर चालतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं, तर मोटरची ताकद एकोणीस टक्क्यांनी घटते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. विहिरीतलं पाणी काही हलकं होत नाही. मग तेवढाच भार ओढण्यासाठी मोटर जास्त करंट घेते.

‘‘हे कळलं त्या दिवशी मी आप्पांना फोन केला,’’ ती सांगते. ‘‘ते म्हणाले, हां, म्हणजे बैल उपाशी ठेवून तेवढीच नांगरट करून घ्यायची. मी दोन लेक्चरं बसून जे शिकले, ते त्यांनी एका वाक्यात संपवलं!’’

करंटचा शिंपी

मशीन्स म्हणजे वीज बनवणारी आणि वापरणारी यंत्रं. मग पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काय? हा प्रश्न मी कॅन्टीनमध्ये वडापाव खाताना विचारला. चारही मुलं एकदम बोलायला लागली. शेवटी मला जे कळलं ते असं : पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे विजेचा शिंपी. घरात येणारी वीज एका मापाची, पण प्रत्येकाला हवी वेगळ्या मापाची. मोबाइलला थोडी आणि एका दिशेनं वाहणारी. मेट्रोच्या मोटरला तीन फेजची, तीही वेगानुसार बदलणारी. मग हा शिंपी ती सेकंदाला हजारो वेळा कापतो आणि हवी तशी शिवून देतो. त्याची कात्री म्हणजे सेमीकंडक्टरचा स्विच.

आधी थायरिस्टर आला, १९५० च्या दशकाच्या शेवटी. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयजीबीटी. तो घडवणारे जयंत बालिगा चेन्नईत जन्मलेले, शिक्षण आयआयटी मद्रासचं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी हे काम केलं. २०२४ मध्ये त्यांना मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळालं. आपल्यापैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलं होतं? मी तर नाहीच!

मुंबईकरांना या कात्रीचा फरक वेगळा सांगायला नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. जुन्या लोकलमध्ये वेग सांभाळायला मोटरच्या वाटेत रेझिस्टन्स घालत. म्हणजे चक्क विजेची उष्णता करून ती हवेत सोडायची. पुढे २५ हजार व्होल्ट एसी आली. पश्चिम रेल्वेवर हा बदल २०१२ मध्ये पूर्ण झाला, हार्बरवर २०१६ मध्ये. दरम्यान, नव्या गाड्यांत आयजीबीटीवर चालणारे ड्राइव्ह बसले. आता ब्रेक लावला की मोटरच जनरेटर होते आणि वीज तारेत परत पाठवते. दादरला तुमची लोकल थांबते, तेव्हा ती मागून येणाऱ्या एखाद्या गाडीला थोडी वीज देऊन थांबते. आता गर्दीत कुणी पाय दिला, तर या विचारानं राग जरा कमी करून बघा!

हे सगळं शिकताना मात्र ‘फट्’ असे आवाज फार येतात. बहिणीचा फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे सोलर पॅनेलची वीज ग्रिडला देणारा छोटा इन्व्हर्टर. त्यात एकावर एक असे दोन स्विच असतात. दोन्ही चुकून एकदम चालू झाले की शॉर्ट! म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू करायच्या आधी सेकंदाचा अगदी लाखावा-दशलक्षावा हिस्सा थांबायचं. त्याला ‘डेड टाइम’ म्हणतात. या ग्रुपनं तो आधी कमी ठेवला. लॅबच्या टेबलावर एका डबीत अकरा जळालेले मॉसफेट ठेवलेत. डबीवर लिहिलंय, ‘शहीद’.

तुमचा दिवस, यांचा सिलॅबस

सकाळी ७ : गीझर चालू. शहरभर सगळेच चालू करतात, म्हणून सकाळी मागणी चढते. (पॉवर सिस्टिम्स)

सकाळी ९ : लिफ्ट धक्का न देता थांबते, कारण मोटरला मिळणारी फ्रिक्वेन्सी हळूहळू कमी होते. (मशीन्स अधिक पॉवर इलेक्ट्रॉनिक्स)

सकाळी ९.३० : मेट्रो सुटताना खालून चढत जाणारा सूर ऐकू येतो. गाणं नव्हे ते, इन्व्हर्टर आणि मोटरची जुगलबंदी. (पुन्हा तेच दोघं)

दुपारी २ : ऑफिसचा इन्व्हर्टर एसी. जुन्या एसीसारखा चालू-बंद होत नाही, गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलतो. (पॉवर इलेक्ट्रॉनिक्स)

रात्री ११ : बीएलडीसी पंखा. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, हा तीस-पस्तीसमध्ये भागवतो. (मशीन्स)

सगळ्यांचा ठोका एकच

तिसरा विषय पॉवर सिस्टिम्स. मुलं म्हणाली, हा सगळ्यात कोरडा. पानंच्या पानं मॅट्रिक्स, लोड फ्लो, फॉल्ट ॲनालिसिस. मला मात्र तोच सगळ्यात थरारक वाटला.

साधी गोष्ट आहे. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही. बॅटऱ्या आल्यात, धरणात पाणी उलटं चढवून ठेवता येतं, पण एकूण पसाऱ्यात हा साठा लहान. म्हणजे तुम्ही आत्ता जो दिवा लावला, त्याची वीज आत्ताच कुठेतरी तयार व्हायला हवी. चंद्रपूरच्या कोळशावर, नाहीतर कोयनेच्या पाण्यावर. मागणी वाढली आणि उत्पादन तेवढंच राहिलं, तर देशभरातली मशीन्स एकदम किंचित मंदावतात. आपली फ्रिक्वेन्सी सेकंदाला ५० आवर्तनं. ती ४९.९० ते ५०.०५ या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवायची, रात्रंदिवस. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्यांचा ठोका एकच.

हे नेहमी असं नव्हतं. दक्षिणेची ग्रिड आधी वेगळ्या ठोक्यावर चालायची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाइननं ती बाकी देशाला जोडली गेली. आपण सगळे थर्टी फर्स्टच्या पार्टीच्या तयारीत होतो, तेव्हा सोलापूरच्या वेशीवर देशाच्या दोन मोठ्या ग्रिड एका ठोक्यावर येत होत्या. लॅबमधल्या तीन दिव्यांचाच प्रयोग, फक्त अर्थातच दिव्यांशिवाय आणि हजारो पटींनी मोठा.

आणि ठोका चुकतो तेव्हा? ३१ जुलै २०१२ च्या दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्येच्या ग्रिड कोसळल्या. साठ कोटींहून अधिक लोक राहतात, एवढा भाग अंधारात गेला. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकर विसरले नसतील. लोकल जागच्या जागी थांबल्या, वर्क फ्रॉम होमवाल्यांचे राउटर मेले, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. या दोन दिवशी सगळ्या देशाला पॉवर सिस्टिम्स हा विषय आठवला.

पण ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? लॉकडाउनमध्ये नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. आपण गॅलरीत पणत्या लावून सेल्फी काढत होतो. तेव्हा देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटनं खाली आली आणि लगेच वर चढली. जलविद्युत केंद्रांनी झपाट्यानं उत्पादन कमी-जास्त करून तो झोका सांभाळला. काहीच झालं नाही. म्हणून ती बातमी दुसऱ्या दिवशी विरून गेली. ‘काहीच झालं नाही’वाल्यांचं हे असंच असतं!

ऑफर लेटर आणि एक फोन

आता खरी गोष्ट. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये बहिणीला एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली. पुण्यातच, एसी बस, चांगला पगार. मामानं पेढे वाटले. त्याच महिन्यात मोटर ड्राइव्ह बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला टेस्टिंग विभागात बोलावलं. पगार बराच कमी, शिफ्ट, सेफ्टी शूज.

मामाचं म्हणणं स्पष्ट होतं. ‘‘मी जन्म वार्निशच्या वासात काढला. तिनं एसीत बसावं, एवढंच माझं मागणं हाय. मोटारीच करायच्या होत्या, तर माझं दुकान काय वाईट होतं?’’

खरं सांगू? मलाही मामाचंच पटत होतं. शिक्षणाचं कर्ज आहे, धाकटा भाऊ अजून शिकतोय. ‘तत्त्व आणि आवड महिन्याच्या एक तारखेला ईएमआय भरत नाहीत,’ असं मी तिला सुनावलंसुद्धा. फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीनं हे सांगावं, हा विनोद तिनं मोठ्या मनानं सोडून दिला. आणि आयटीवाल्यांनो, रागावू नका. तिलाही आयटी कमी वाटत नव्हतं. प्रोजेक्टचा कोड ती स्वतःच लिहिते.

मग मार्चमध्ये एका दुपारी मामाचा व्हिडिओ कॉल आला. मी तेव्हा तिच्या होस्टेलवरच होते. दुकानात एका शेतकऱ्यानं सोलर पंपाचा कंट्रोलर आणला होता. पंप चालत नाही, डिस्प्ले बंद. मामानं मोटर तपासली, मेगर लावला, वायंडिंग ठणठणीत. मग कंट्रोलरचा डबा उघडला. पॅनेलच्या वायरी नुकत्याच सोडवल्या होत्या. मामा फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताचं बोट बोर्डाकडे नेत होता. ‘‘हे काय जळाल्यासारखं दिसतंय का गं?’’

‘‘आप्पा, हात लावू नका!’’ ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतली मुलगी धावत आली. ‘‘हात मागे घ्या. आधी मागे घ्या!’’

‘‘अगं, सप्लाय काढलाय. करंट कुठला आता?’’

‘‘तुम्ही मीटर घ्या. डीसीवर लावा. मी सांगते त्या दोन टोकांना टेकवा. बोट नाही, प्रोब.’’

मीटरवर आकडा उमटला. तीनशेच्या वर. वायरी सुटलेल्या, स्विच बंद, आणि आत तीनशेहून जास्त व्होल्ट दबा धरून बसलेले. या कंट्रोलरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. सप्लाय गेल्यावरही ते भरलेले राहतात आणि सावकाश रिकामे होतात. ते रिकामं करणारा भागच जळाला असेल, तर फारच सावकाश.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. तीस वर्षं ४४० व्होल्टशी खेळलेला माणूस. ‘स्विच बंद म्हणजे करंट गेला’ या एका नियमावर त्यानं आजवर हात शाबूत ठेवला होता. तो नियम त्याच्या पाठीमागे बदलला होता आणि त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

फोन ठेवल्यावर बहीण कॉटवर बसली. हात थरथरत होते. मग म्हणाली, ‘‘ताई, गावोगावी आता हेच येणार. सोलर पंप, ई-रिक्षा, चार्जर. आप्पांसारखे किती जण असे डबे उघडत असतील. बनवणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला हे दुकान डोळ्यांसमोर दिसायला हवं. मला दिसतं.’’

तिनं ड्राइव्ह कंपनीची ऑफर घेतली. कर्जाचं गणित कसं बसवायचं, हे आम्ही एका वहीत मांडलंय. दोन वर्षं तंगीची आहेत. हा निर्णय शहाणपणाचा ठरेल का, मला ठाऊक नाही. दोन वर्षांनी विचारा. पण त्या दुपारी मी तिथे होते. ‘तत्त्व आणि आवड’ हे माझं वाक्य मी मागे घेतलंय.

भिंतीवरची ओळ

गेल्या महिन्यात कराडला गेले होते. मामा अजून थोडा घुश्शात आहे. ‘‘एसी सोडून बूट घालायला गेली,’’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. पण रविवारी ती घरी आली की दोघं दुकानात बसतात. ती बोर्ड समजावून सांगते. मामा चष्मा लावून ऐकतो, मधेच ‘थांब, परत सांग’ म्हणतो. कपॅसिटर सुरक्षितपणे रिकामा कसा करायचा, हे तो आता शेजारच्या दोन दुकानदारांना शिकवतो, जणू त्यानंच शोध लावलाय.

दुकानात शिरताना टेस्ट लॅम्पकडे लक्ष गेलं. अजून तिथेच आहे, त्याच खिळ्याला. त्याच्यावर भिंतीवर ऑइलपेंटनं एक नवी ओळ आली आहे. अक्षर मामाचं, जरा वाकडं :

‘स्विच बंद केल्यावर दहा मिनिटे थांबणे. मग मीटर लावणे. मगच हात.’